रफीसाहेबांना सोडू का?

ताई, नमस्कार.

मी सेलूचा, वय ३१. मोटार वायंडिंगचं दुकान आहे. सातवीत असल्यापासून मोहम्मद रफीसाहेबांची गाणी म्हणतो. डोळे मिटून ऐकलं तर फरक कळत नाही, असं लोक म्हणतेत. लग्नात, गणपतीत, उरुसात, ऑर्केस्ट्रात मला ‘सेलूचा रफी’ म्हणूनच बोलावणं येतं. दर ३१ जुलैला साहेबांच्या पुण्यतिथीला आम्ही मित्र मिळून कार्यक्रम करतो. दुकानात त्यांचा फोटो आहे, रोज हार घालतो.

यंदा वाटलं, रीतसर गाणं शिकावं. संभाजीनगरला एका गुरुजींकडे गेलो. त्यांनी दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, ‘हे त्यांचं झालं. आता तुझं म्हण.’ मला काही म्हणताच येईना. तोंडातून साहेबच निघायले. गुरुजी म्हणाले, ‘तुला आवाज नाही, नक्कल आहे.’ येताना परतूर येईपर्यंत रेल्वेच्या दारात उभा राहून रडलो.

तीन महिने झाले, गायलो नाही. रात्री लेकीला झोपवताना आईच्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणतो, तेवढंच. बायको म्हणते, हाच आवाज बाहेर काढा. तो काय आवाज आहे का ताई? वडील भजनी मंडळात पखवाजावर बसतात, ते म्हणतेत सिनेमाचा नाद सोड. ३१ जुलै जवळ आली. साहेबांना सोडलं तर गद्दारी वाटते, नाही सोडलं तर मी कोणीच नाही. काय करू?

– सेलूचा रफी (हे नाव लिहायची आता लाज वाटते)

लेकरा,

तुला ‘तू’ म्हणते, वय तेवढं आहे माझं. तुझं पत्र तीनदा वाचलं. इथे थोडकं छापलंय, पण मुळात ते चार पानी आहे. त्यात पावणेचार पानं रफीसाहेब आहेत आणि आईच्या ओव्यांना एक ओळ. त्या ओळीपाशी मी येणारच आहे. आधी तो शब्द बघू, ज्याने तुला परतूरपर्यंत रडवलं. नक्कल.

ज्या शहरातून तू परतलास, तिथून पंधराएक किलोमीटरवर दौलताबाद आहे, म्हणजे आपली जुनी देवगिरी. तेराव्या शतकात यादवांच्या राजा सिंघणाच्या पदरी तिथे शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. घराणं काश्मीरहून आलेलं, पण त्याची हयात आपल्या मुलखात गेली. त्याने ‘संगीत रत्नाकर’ लिहिला. उत्तरेचे गवई आणि दक्षिणेचे गवई, दोघंही आजवर त्या ग्रंथाला मान देतात. त्यात गाणाऱ्यांचे पाच प्रकार सांगितलेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. शिक्षाकार म्हणजे शिकवण्यात निपुण. रसिक म्हणजे गाताना स्वतः रसात बुडणारा. ऐकणाऱ्याला रंगवतो तो रंजक, आणि गाण्यात आपली भर घालून त्याला उंचीवर नेतो तो भावक. आणि अनुकार म्हणजे दुसऱ्याच्या ढंगाने गाणारा. म्हणजे तू.

शार्ङ्गदेवाने तुला गाणाऱ्यांत धरलंय. दाराबाहेर उभं केलेलं नाही. हे मी तुझी समजूत काढायला सांगत नाही, मला ते मनापासून पटतं. अठरा वर्षं एकच आवाज ऐकणाऱ्या माणसाचा कान काय तयार होत असेल! साहेब ओळीच्या मध्ये श्वास कुठे घेतात, एखाद्या अक्षरावर हलकेच हरकत, म्हणजे स्वरांचं छोटंसं वळण, घेऊन कसे उतरतात, ‘ह’ कसा सोडतात, हे तुला झोपेतही सांगता येईल. कोणत्याही क्लासात पहिल्या वर्षाला हे शिकवत नाहीत. ती तुझी कमाई आहे, आणि ती कोणी काढून घेतलेली नाही.

गुरुजींनी दुखणं बरोबर ओळखलं, हे मी मान्य करते. पण औषध न सांगता तुला दारातून परत पाठवलं, ते मला आवडलं नाही. ज्याला जन्मात कोणी ‘तुझं म्हण’ म्हटलं नाही, त्याच्या तोंडून पहिल्या बैठकीत काय निघणार? आणि आवाज नाही असं तर कोणाच्याच बाबतीत म्हणू नये. आवाज असतोच, त्याच्यावर काय काय साचलंय ते बघावं लागतं.

तुझ्याआधी या वाटेने कोण कोण गेलंय बघ. मुकेश यांचं पहिलं गाजलेलं गाणं १९४५ चं. ते ऐकून लोकांना कुंदनलाल सैगलच गातायत असं वाटलं. किशोरकुमार सैगल यांचे इतके भक्त होते की सुरुवातीच्या गाण्यांत त्यांनीही तोच सूर धरला. असं सांगतात की सचिनदेव बर्मन यांनी त्यांना बजावलं, तुझं तू शोध. नूरजहाँ १९४७ साली पाकिस्तानात गेल्या. त्यानंतरच्या एकदोन वर्षांतली लताबाईंची गाणी कान देऊन ऐक, नूरजहाँची सावली तुझ्यासारख्या तयार कानाला लगेच सापडेल. हे तिघंही तुझ्यासारखेच कोणाच्या तरी आवाजात राहायला गेले होते. काही दिवस राहिले आणि निघाले.

आता भीमसेन जोशींचं नीट सांगते, कारण तुझ्या ‘गद्दारी’ या शब्दाचं उत्तर मला तिथे सापडतं. गदगचा अकरा वर्षांचा पोरगा. तबकडीवर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातली ठुमरी ऐकली आणि असं गाणं शिकायचंच म्हणून घर सोडून पळाला. तिकिटाला पैसे नाहीत. ग्वाल्हेरपासून पार जालंधरपर्यंत भटकला. शेवटी परत येऊन कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या पायाशी बसला, गुरूच्या घरी पाणी भरलं. हे सवाई गंधर्व कोण? अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य. त्या पोराने तबकडी पाठ करण्यात आयुष्य घातलं नाही. तबकडीतला आवाज कुठून आला, त्या विहिरीवर जाऊन त्याने पाणी शेंदलं.

मग काय झालं? खाँसाहेबांचा आवाज बारीक, टोकदार, काळजात शिरणारा. भीमसेनजींचा मेघासारखा. दोन रेकॉर्ड एकापाठोपाठ लाव, आवाजात कुठे साम्य सापडत नाही. पण सुराला चिकटून राहायची ती ओढ, एकेक स्वर उकलत जायची ती सबुरी, ती तीच. खाँसाहेबांशी याहून जास्त इमान कोणी राखलं असेल? आणि तरी स्वतःचा आवाज त्यांच्यासारखा केला नाही. गुरू गेल्यावर १९५३ पासून त्यांच्या नावाने पुण्यात जो संगीत महोत्सव सुरू झाला, तो याच माणसाने उभा केला.

कुमार गंधर्वांची गोष्ट तुझ्या आणखी जवळची आहे. शिवपुत्र कोमकळी हे त्यांचं खरं नाव. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणून दाखवायचे, लोक थक्क व्हायचे. म्हणजे ‘सेलूचा रफी’ सारखंच कौतुक, देशभर पसरलेलं. १९३६ मध्ये मुंबईला गाणं शिकवणाऱ्या प्रोफेसर देवधरांकडे आले आणि मग खरं शिक्षण सुरू झालं. पुढे ऐन उमेदीत क्षय झाला. देवासला अंथरुणावर पडून काही वर्षं काढली, गाणं बंद. त्या काळात खिडकीबाहेरून माळव्यातल्या बायाबापड्यांची गाणी कानावर यायची. उठले तेव्हा त्यांच्या गाण्यात ती लोकगीतं मुरली होती, आणि तसं त्यांच्याआधी कोणी गायलेलं नव्हतं. तुझेही तीन महिने गाणं बंद आहे. आजारपणाशी तुलना करत नाही मी. एवढंच विचारते, या तीन महिन्यांत तुझ्या कानावर काय पडलं? तूच लिहिलंयस.

थांब, आधी रफीसाहेबांकडे जाऊ, नाहीतर तुला वाटेल ताईंनी त्यांना बाजूला सारलं. अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग या गावचं पोर. गल्लीत एक फकीर गात यायचा, हा त्याच्या मागे मागे जायचा आणि त्याच्यासारखं म्हणायचा. म्हणजे साहेबही आधी अनुकारच. पुढे लाहोरला गेले, तिथे उस्ताद अब्दुल वहीद खाँ, पंडित जीवनलाल मट्टू, फिरोज निजामी अशांकडे शिकले. तेराव्या वर्षी पहिल्यांदा लोकांसमोर गायले, तेही सैगल यांच्या कार्यक्रमात वीज गेल्यामुळे मधे संधी मिळाली म्हणून, असं सांगतात. १९४४ ला मुंबईत आले. आणि मग बघ त्या माणसाने काय केलं. दिलीपकुमार असतील तर एक आवाज, शम्मी कपूर असतील तर दुसरा, जॉनी वॉकर असतील तर तिसराच. पडद्यावर कोण आहे, त्याचं दुःख कसलं, त्याची चाल कशी, ते बघून गळा वळवायचे. श्रीकांत ठाकरे यांच्याकडे मराठी गाणी गायले, तर आपल्याला ते परके वाटले नाहीत.

मग तू कोणत्या रफीची नक्कल करतोस? तू त्या एकेका दिवशी स्टुडिओत जे पक्कं झालं ते उचलतोस. ते पक्कं होण्याआधी साहेब जे करायचे, म्हणजे समोरचा माणूस ओळखून त्याच्यासाठी गळा शोधणं, ते तू अजून एकदाही केलेलं नाहीस. ते करणं म्हणजे त्यांच्यामागे जाणं. त्यात त्यांना सोडायचा प्रश्न कुठे येतो?

माझं एक सांगते. आम्ही अंबाजोगाईचे. शेजारी रेडिओ होता, बुधवारी रात्री आठला गीतमाला लागली की आम्ही पोरी ओट्यावर बसून ऐकायचो. मला लताबाईंशिवाय काही दिसत नव्हतं. त्यांच्याच पट्टीत म्हणायचं म्हणून काळी पाचवर, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, गायचे, वर गेलं की नुसता ताण, गळ्याच्या शिरा फुगायच्या. दोन वर्षांत आवाज बसायला लागला. मग एका बाईंनी पेटीवर बसवून माझा सा, म्हणजे माझ्या गळ्याचा मूळ सूर, शोधला, तो निघाला काळी तीन. एवढं खाली! मला वाटलं आपल्याला गाण्याच्या वर्गातून खालच्या वर्गात उतरवलं. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी काळी तीनवर एक साधा अभंग म्हटला आणि पहिल्यांदा छाती मोकळी होऊन सूर निघाला. तो आवाज मला ओळखीचा वाटला नाही. घरातल्या सगळ्यांना मात्र वाटला. आजीच्या आवाजासारखा होता म्हणे.

म्हणून माझा पहिला प्रश्न तुला हा आहे: तू साहेबांची गाणी मूळ पट्टीतच म्हणतोस ना? ऑर्केस्ट्रात तसंच चालतं, ट्रॅक त्याच पट्टीत मिळतात. साहेबांचा गळा वर असा फिरायचा की ऐकणाऱ्याला चढण जाणवतच नाही. तुझा तसा असेलच असं नाही. तू चढण्यासाठी आवाज बारीक करत असशील, नाकात नेत असशील, आणि त्यालाच लोक हुबेहूब म्हणत असतील. उद्या सकाळी पेटीवर किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर बस. काळी एकपासून सुरू कर. खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत, आवाज न घोगरता जायला हवा, वर तार पंचमापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या प पर्यंत, न ओरडता. जिथे दोन्ही जमतं तो तुझा सा. दोन स्वर इकडे तिकडे होईल, घाई करू नकोस. सापडला की रोज पहाटे वीस मिनिटं नुसता खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज. शब्द नाहीत, गाणं नाही. दुकान उघडायच्या आधी हे होण्यासारखं आहे. आवाज बसत असेल, दुखत असेल तर मात्र थांब आणि घशाच्या डॉक्टरांना दाखव, लिंबूपाण्यावर दिवस काढू नकोस.

मग साहेबांचंच तुझं सगळ्यात आवडतं गाणं घे आणि तुझ्या सा मध्ये म्हण. फार अवघड जाईल हे, आधीच सांगते. ओठावर जुन्या हरकती येतील, येऊ देत. एक कडवं हरकती न घेता, सरळ, बोलल्यासारखं म्हण. फोनवर रेकॉर्ड कर पण महिनाभर ऐकू नकोस. कार्यक्रमाच्या सुपाऱ्या मात्र कायमच्या बंद करू नकोस. ते तुझं मानधन आहे, घराला हातभार लागतो त्याचा, आणि लग्नातल्या लोकांना सेलूचा रफी हवा असेल तर त्यांना तो आनंदाने दे. त्यात लाज कसली?

वडिलांवर चिडू नकोस. ते ‘सिनेमाचा नाद’ म्हणाले, ते बोलणं तुला लागलं असेल. पण ज्या पखवाजावर ते बसतात, त्याची ताकद तू कधी बघितलीस का? आमच्या अंबाजोगाई तालुक्यातलं आपेगाव. तिथल्या शंकरबापू आपेगावकरांनी वारकऱ्यांच्या भजना-कीर्तनातला हाच पखवाज देशातल्या शास्त्रीय मैफलींत नेला. १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यासाठी त्यांना गावचं भजन सोडावं लागलं नाही. या एकादशीला वडिलांच्या शेजारी बस. गायला सांगितलं तर टाळ घे आणि मागे म्हण. भजनी मंडळात पुढच्याचा आवाज उचलून मागे म्हणायचं असतं, तिथे सगळेच अनुकार, आणि तरी प्रत्येकाचा गळा वेगळा ऐकू येतो. दहा माणसांत तुझा कोणता, ते वडील डोळे मिटून ओळखतील. विचार त्यांना.

३१ जुलैचा कार्यक्रम कर. साहेबांच्या फोटोला हार घाल. १९८० साली, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी गेलेला माणूस सेलूतल्या एका पोराच्या घशात राहायला येतो, ही भाग्याची गोष्ट आहे, तिची लाज वाटून घेऊ नकोस. नेहमीची गाणी नेहमीसारखी म्हण. फक्त एक गाणं तुझ्या पट्टीत म्हण, आणि ते कोणतं हे आधी कोणाला सांगू नकोस. टाळ्या कमी पडल्या तरी चालेल. पहिल्या वर्षी कमीच पडतील, लोकांना जे ऐकायची सवय आहे ते त्यांना मिळालेलं नसेल. बायकोला पहिल्या रांगेत बसव. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात तयार कान तिचा आहे, तुझ्या गुरुजींपेक्षाही आणि माझ्यापेक्षाही. तुझा आवाज तिने तीन महिन्यांपूर्वीच ऐकला.

तू विचारतोस, ‘तो काय आवाज आहे का?’ लेकरा, अंधारात, समोर माइक नाही, टाळ्या नाहीत, एक लेक आहे जिला झोपवायचं आहे. तेव्हा तू कोणासारखा गात नाहीस, कारण त्या ओव्यांची रेकॉर्ड तुझ्याकडे नाही. आईची चाल कानात आहे आणि गळा तुझा. गुरुजी जे मागत होते ते तू रोज रात्री करतोस, तुला ते गाणं वाटत नाही इतकंच.

आता शेवटचं काम सांगते आणि हे लगेच कर, बाकीचं मागेपुढे झालं तरी चालेल. आईच्या ओव्या उतरवून घे. पण तिला समोर बसवून ‘आई, ओव्या सांग’ म्हणालास तर एकही आठवणार नाही तिला, चार ओळींवर थांबेल आणि म्हणेल, झाल्या. घरात जातं असेल तर मूठभर ज्वारी टाकून दळायला बसव, तू दुसऱ्या बाजूने खुंट्याला हात लाव. जातं नसेल तर सुपात तूरडाळ निवडायला दे. हात चालू झाला की ओव्या आपोआप निघतात, एकीला धरून दुसरी. फोन कोपऱ्यात चालू ठेव आणि मधे बोलू नकोस. किती निघाल्या ते मला कळव.